लोणंदच्या माळावर कोणती रायफल?

सातारा जिल्ह्याला बंदूक नवी नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाच्या नावातच फौज आहे, आणि कोणत्याही भावकीत एखादा तरी पेन्शनर जवान भेटतोच. ‘थ्री नॉट थ्री’ आणि ‘बाराबोर’ हे शब्द त्यामुळे इथल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. त्यात १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस होता आणि सातारा जिल्ह्यातले लोणंद स्टेशन त्याच विभागात येते. अशा भागातल्या तरुणाला रायफलची ओढ लागली तर नवल नाही. ओढीबरोबर एक प्रश्नही येतो, आणि तो जगभरच्या बंदूकशौकिनांचा आवडता प्रश्न आहे: लांब पल्ल्याची निशाणबाजीही साधेल आणि शिकारीलाही चालेल अशी एकच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कोणती? माझे म्हणणे असे की लोणंदमध्ये उभे राहून विचारला तर हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. यंत्र, काडतूस, कायदा आणि जमीन या चारही बाजूंनी तपासले तरी इथे ‘दोन्ही कामांची’ रायफल हाती लागत नाही. लागते ती एकाच कामाची, नेमबाजीची. आणि ती निवडायची रीत शिकारीच्या रायफलीहून फार वेगळी आहे.

आधी यंत्र पाहू, कारण या प्रश्नाला थोडाफार आधार आहे तो तिथेच. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे हाताने उघडायचा आणि मिटायचा पोलादी दांडा. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत सरकते, आणि मूठ खाली दाबली की दांड्यावरचे उंचवटे खाचांत अडकून नळीचे मागचे तोंड घट्ट बंद होते. गोळी सुटेपर्यंत या रचनेत काहीच हलत नाही. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत वायूचा दाब किंवा मागचा धक्का वापरून सुटे भाग पळवावे लागतात. इथे ती यातायात नाही, म्हणून काडतूस दर वेळी जवळजवळ त्याच जागी, त्याच बळाने बसते. अचूकता म्हणजे मुळात हेच, प्रत्येक वेळी तेच घडणे. जर्मनीतल्या माउझरने १८९८ साली ही रचना इतकी पक्की केली की आजच्या बहुतेक शिकारी रायफली तिच्याच वंशातल्या आहेत. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्डमध्ये कुलूप दांड्याच्या मागच्या बाजूला होते. त्यामुळे ती झपाट्याने चालवता येई, पण ताकदवान काडतुसाच्या दाबाखाली दांडा किंचित दबतो आणि लांबच्या नेमात तो फरक उतरतो. आपल्याकडच्या परवान्याच्या .३१५ रायफलीची रचना याच ली-एनफिल्डच्या घराण्यातली आहे.

मूळ यंत्र एकच म्हटल्यावर कामेही एका रायफलीत बसतील असे वाटते. पण यंत्राभोवती जे बांधले जाते त्यात दोन वाटा फुटतात. ऑलिम्पिकच्या ५० मीटर स्पर्धेतली रायफल आठ किलोंपर्यंत जड असू शकते, आणि नेमबाज ती जड ठेवतात, कारण जड वस्तू हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने कमी हलते. जाड नळी कमी कंप पावते आणि साठ गोळ्यांनंतरही तापून वागणूक बदलत नाही. शिकारीची रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची असते. तीन-साडेतीन किलोंच्या वर गेली की डोंगर चढताना ती ओझे होते. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबानेही सुटेल असा ठेवता येतो. असा चाप काट्याकुट्यांतून, गार बोटांनी, धावपळीत वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. तिथे किलो-दीड किलोचा चापच हवा. ५० मीटरच्या स्पर्धेत एका वेळी एकच काडतूस हाताने भरायचे असते, शिकाऱ्याला मॅगझिन लागते. आणि सर्वांत मोठा फरक नजरेचा. शिकारीची रायफल आज सहसा दुर्बिणीशिवाय वापरली जात नाही. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत मात्र भिंगांनी लक्ष्य मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. तिथे डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पाहून पुढच्या वर्तुळाकार माशीत लक्ष्याचा काळा ठिपका बसवायचा असतो. म्हणजे शिकारीच्या रायफलीवर वर्षभर केलेल्या सरावातले बरेच काही स्पर्धेच्या पाटावर उभे राहिल्यावर पुसून पुन्हा शिकावे लागते.

यंत्रानंतर काडतूस. खरे तर ते आधीच यायला हवे, कारण अनुभवी नेमबाज रायफल निवडत नाही, काडतूस निवडतो आणि मग ते उडवणारी रायफल शोधतो. परदेशात हा प्रश्न विचारणाऱ्याला .३०८ विंचेस्टर किंवा २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर सुचवले जाते. भारतात .३०८ म्हणजे सैन्याच्या ७.६२ मिलिमीटरचे भावंड, आणि सैन्याची काडतुसे नागरिकाला प्रतिबंधित. ही रेघ इंग्रजांनी ओढली. सैन्याचे .३०३ काडतूस चोरून किंवा फितुरीने लोकांच्या बंदुकांत जाऊ नये म्हणून नागरी रायफलीसाठी वेगळ्याच मापाचे काडतूस ठरवले गेले. ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावरून आलेले हे .३१५. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात त्याची रायफल बनू लागली आणि पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतूस. ईशापूरने .३०-०६ मापाचीही रायफल बनवली आहे आणि ती परवान्यावर मिळू शकते, पण गावोगावच्या परवानाधारकांच्या हातात दिसते ती मुख्यतः .३१५. म्हणजे आपल्या ‘सर्वसाधारण’ रायफलीचे माप अचूकतेच्या हिशेबाने ठरलेले नाही, राज्यकर्त्यांच्या भीतीने ठरले आहे. गोळी जड, बोथट, वेग बेताचा. जंगलात शंभर मीटरच्या आत मोठे जनावर पाडायला ती पुरेशी होती आणि तेवढ्यासाठीच ती होती. तिच्यावर महागडी दुर्बीण बसवून तीनशे मीटरवर बारीक नेम साधण्याची अपेक्षा ठेवणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल की ‘चांगली नळी बसवली तर?’ नळीने अर्धेच काम होते. ५० मीटरच्या स्पर्धेचे .२२ काडतूस दिसायला क्षुल्लक असते, पण मोठे नेमबाज एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून उडवून पाहतात, आणि ज्या लॉटच्या छिद्रांचा गट सर्वांत घट्ट येतो तो वर्षभराच्या स्पर्धांसाठी राखून ठेवतात. इंग्लंडमधली ईली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, फिनलंडमधली लापुआ या कंपन्या त्यासाठी खास चाचणी-रेंज चालवतात. एकाच कारखान्यातल्या दोन दिवसांच्या मालात जगज्जेता ठरवण्याइतका फरक पडतो. .३१५ मध्ये असली निवड नाही. मिळते ते मऊ टोकाचे, शिकारीसाठी बनवलेले काडतूस, तेही परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत. परदेशातला लांब पल्ल्याचा नेमबाज घरी मोजूनमापून स्वतः काडतुसे भरतो. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला ती वाट मोकळी नाही. सरावाला काडतुसे नसतील आणि असलेली एकसारखी नसतील, तर रायफल कितीही उत्तम असो, तिचा उत्तमपणा कपाटातच राहतो.

‘लांब पल्ला’ म्हणजे नेमके काय होते तेही आकड्यांत पाहिले पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती हातातून सोडलेल्या दगडासारखीच खाली पडत असते, फक्त पडता पडता पुढे पळत असते. .२२ ची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. .३०-०६ ची गोळी सेकंदाला ८०० मीटरांहून अधिक वेगाने निघूनही ३०० मीटरवर ८० ते ९० सेंटिमीटर खाली असते आणि ६०० मीटरवर चार मीटरांहून अधिक. ही घसरण तरी गणिताने काढता येते आणि माशी वर-खाली करून भरून काढता येते. वाऱ्याचे तसे नाही. ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला ५० मीटरवर दोन सेंटिमीटर बाजूला ढकलतो. लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे तेवढ्याने दहाचा नेम थेट आठवर जातो. तोच वारा .३०-०६ च्या गोळीला ३०० मीटरवर वीतभर सरकवतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी नाही. या जिल्ह्याच्या माळांवर वारा हा नेमबाजाचा पहिला प्रतिस्पर्धी आहे. तो वाचायला शिकण्यासाठी हजारो गोळ्या झाडाव्या लागतात, आणि हजारो गोळ्या झाडणे शक्य होते ते .२२ मध्येच. ५० मीटरवर .२२ घेऊन वारा वाचणारा माणूस ‘लहान पल्ल्या’वर अडकलेला नसतो, लांब पल्ल्याची सगळी विद्या तो छोट्या जागेत आणि त्या मानाने कमी खर्चात शिकत असतो.

याच आकड्यांची दुसरी बाजू शिकारीच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. सहाशे मीटर जायला गोळीला जवळजवळ एक सेकंद लागतो. कागद तेवढ्या वेळात हलत नाही, जनावर हलते. साध्या दुडक्या चालीत रानडुक्कर एका सेकंदात दोन-तीन मीटर सरकते, आणि ज्या जागी गोळी लागली तर ते तात्काळ मरेल ती जागा जेमतेम वीतभर असते. कागदावर चुकलेली गोळी दोन गुण घालवते. जनावरावर चुकलेली गोळी आतडे फाडून त्याला दोन दिवस उसात तडफडत ठेवते. म्हणून ज्या देशांत कायदेशीर शिकार चालते तिथलेही जाणते शिकारी शक्य तितके जवळ जाऊनच गोळी झाडावी असे मानतात. लांब पल्ल्याची निशाणबाजी आणि शिकार यांचे ध्येयच उलट आहे. एक अंतर वाढवून कौशल्य तपासते, दुसरीचे कौशल्य अंतर कमी करण्यात असते.

आता कायदा, आणि इथे बोलणे स्पष्ट हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाने काढून काही प्राण्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले. आज भारतात हौशी शिकार नावाची गोष्ट कायद्यात उरलेली नाही. लोणंद-फलटणच्या कोरड्या गवताळ माळांवर जी जनावरे जुन्या काळी बंदुकीच्या टप्प्यात यायची, ती चिंकारा, काळवीट, लांडगा, आज सर्वोच्च संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या शिकारीला किमान तीन ते कमाल सात वर्षांची कैद आहे. पलीकडे बारामती तालुक्यात चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य राखले आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान असलेले दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झाले आणि महाराष्ट्रातल्या अभयारण्यांची सुरुवात तिथूनच झाली. ज्या राधानगरी तालुक्यात ते रान आहे त्याच तालुक्यातून ऑलिम्पिकचा नेमबाज पुढे आला. बंदुकीची विद्या जनावरांवरून कागदावर आली की ती मरते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा तालुका नकाशावर जरूर पाहावा.

शस्त्र कायद्याने तर ही फाळणी आधीच करून ठेवली आहे, आणि बहुतेक लोकांना ती ठाऊक नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात परवाना देण्याचे निकष आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी तिथे उल्लेख आहे तो किमान वीस इंच नळीच्या, आत पीळ नसलेल्या बंदुकीचा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती पुरी पडणार नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसऱ्या पीळ नसलेल्या बंदुकीचा. रायफल या उल्लेखात येते ती एकाच ठिकाणी: मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल. याखेरीज कोणालाही ‘सबळ कारण’ दाखवून अर्ज करता येतो, .३१५ चे परवाने त्याच वाटेने निघतात. पण कायदा करणाऱ्यांच्या मनात कोणते हत्यार कोणत्या कामाला हे अगदी स्वच्छ होते. राखणीला छर्ऱ्याची बंदूक, सरावाला .२२. दोन्हींच्या मध्ये बसणारी, लांब पल्ल्याची, सर्व कामांची रायफल त्यांनी कल्पिलेलीच नाही. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण नागरिकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. म्हणून पहिला परवाना कोणत्या कामासाठी खर्ची घालायचा हा विचार आता जास्तच महत्त्वाचा झाला आहे.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप येईल आणि तो हलका नाही. तो म्हणेल, ‘कायदा ठीक आहे, पण माझा ऊस, मका आणि भुईमूग रात्रीत उकरून जाणाऱ्या रानडुकरांचे काय? त्यांना मारायला परवानगी मिळते ना?’ मिळते. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली अधिकारप्राप्त वनाधिकारी देऊ शकतात, आणि महाराष्ट्रात रानडुक्कर व रोही यांच्यासाठी शासनाने तशी कार्यपद्धती ठरवून दिली आहे. पण ही परवानगी शिकारीची नाही. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते. मांसाचा तुकडाही घरी नेता येत नाही. दुसरे म्हणजे हे काम लांब पल्ल्याचे अजिबात नाही. कालव्याचे पाणी आले तसा या भागात ऊस वाढला आणि डुकराला दिवसभर लपायला मैलोन्‌मैल हिरवी भिंत मिळाली. ते रात्री बाहेर येते, बांधावर दिसते ते वीस-तीस मीटरवर, बॅटरीच्या उजेडात, दोन क्षणांसाठी. तिथे आठ किलोंची रायफल आणि चोवीसपट दाखवणारी दुर्बीण घेऊन बसलेला माणूस काहीही साधणार नाही. .२२ ने मारायचा प्रयत्न तर सरळ क्रूरपणा आहे. तिच्या गोळीत सुमारे १४० जूल ऊर्जा असते, .३०-०६ च्या गोळीत त्याच्या पंचवीसपटींहून अधिक. आणि एक-दोन डुकरे पडली तरी एका वेतात अनेक पिल्ले देणाऱ्या प्राण्याच्या संख्येवर त्याचा परिणाम होत नाही. बांधावर सौरकुंपण, गावाने एकत्र केलेली राखण, नुकसानीचा वेळेत पंचनामा आणि भरपाईचा पाठपुरावा यांनी जे साधते ते बंदुकीने साधत नाही. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. त्यावर रायफल हे उत्तर मात्र खरे नाही.

जमिनीचा मुद्दा मला या सगळ्यांत निर्णायक वाटतो. .३०-०६ सारख्या काडतुसाची गोळी वर कोनात सुटली तर तीन किलोमीटरांहून दूर जाऊन पडते आणि तिथेही माणूस मारू शकते, इवलीशी .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाते. लोणंदच्या भोवतीचा माळ दुरून ओसाड दिसतो, पण दीड किलोमीटरच्या वर्तुळात वस्ती नाही अशी जागा तिथे शोधून सापडायची नाही. शेताशेतांत वस्त्या आहेत, मेंढरे घेऊन धनगर फिरतात, रेल्वे आहे, कांद्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्यांची रहदारी आहे, आणि आषाढात माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसे याच रस्त्याने चालतात. मोकळ्या माळावर दगड किंवा डबा ठेवून ‘लांबचा नेम’ धरणे बेकायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी ते करू नये. गोळीमागे तिला अडवणारा मातीचा भरभक्कम बांध नसेल तर चाप ओढायचा नाही, हा नियम कोणत्याही रायफलीच्या निवडीआधी येतो. असा बांध, भिंती आणि शिस्त एकत्र असतात ती जागा म्हणजे रेंज. ३०० मीटरच्या रेंज देशात मोजक्याच आहेत आणि त्या बहुतांशी सैन्य-पोलिसांच्या ताब्यात आहेत. सामान्य माणसाला पोचता येतील अशा रेंज आहेत त्या १०, २५ आणि ५० मीटरच्या. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलातली रेंज लोणंदला त्यातली सर्वांत सोयीची.

‘मग अमेरिकेत, नॉर्वेत, न्यूझीलंडमध्ये लोक एकाच रायफलीने दोन्ही करतात ते कसे?’ हाही आक्षेप रास्त आहे. ते करतात, कारण तिथे शिकारीचा हंगाम, परवाने आणि निर्जन डोंगर आहेत, आणि तिथली निशाणबाजीही ऑलिम्पिकच्या नियमांची नसून दुर्बीण लावून पोलादी पाट्यांवर करायची असते. तिथला माणूस साडेचार किलोंच्या आसपासची, मध्यम जाडीच्या नळीची, ६.५ मिलिमीटरची रायफल घेतो. ती डोंगरावर थोडी जड आणि रेंजवर थोडी हलकी पडते, हे त्याला मान्य असते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाने तिथल्या कायद्याने तसे करावे, त्यात गैर काही नाही. पण तीही तडजोडच आहे. तिथला स्पर्धा जिंकणारा नेमबाज आणि तिथला मुरलेला शिकारी दोघेही अखेर दोन वेगळ्या रायफली बाळगतात.

राहिला पैशाचा आक्षेप: दोन शस्त्रे घेणे परवडत नाही म्हणूनच तर एक बहुगुणी हवे. उलट बहुगुणी रायफल हीच सर्वांत महाग चूक ठरते. तिचा परवाना मिळवण्यात वर्ष जाते, काडतुसे मिळत नाहीत, रेंज सापडत नाही, आणि स्पर्धेत ती चालत नाही. नेमबाजीची वाट याहून स्वस्त पायरीपासून सुरू होते. ४.५ मिलिमीटर मापाची आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. दहा मीटरवरच्या तिच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तो टिपताना जे शिकायला मिळते, म्हणजे उभे राहण्याची घडण, श्वास थांबवण्याची जागा, चाप न झटकता ओढणे, गोळी सुटल्यानंतरही क्षणभर नेम धरून ठेवणे, ते .२२ ला जसेच्या तसे लागू पडते. पुढची पायरी क्लबची .२२ रायफल. कनिष्ठ गटातल्या मुलांना वयाच्या बाराव्या वर्षापासून क्लबमार्फत, देखरेखीखाली हा सराव करता येतो. स्वतःच्या परवान्यासाठी मात्र २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपल्याकडे परदेशी शस्त्रांची सर्वसाधारण आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळवलेल्या खेळाडूंना नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीने ती करता येते. या संघटनेची स्थापना १९५१ सालची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचा उंबरठा आहे. म्हणजे आधी गुण, मग दर्जा, मग रायफल असा क्रम आहे. हा क्रम खेळाडूच्या फायद्याचाही आहे, कारण कोणती रायफल आपल्याला हवी हे कळायला आधी दोन-तीन वर्षे दुसऱ्याची वापरावी लागते.

तो दिवस आला की निवड कशी करायची? नावावर जाऊ नये. आन्शुट्झ, वॉल्थर, ब्लायकर या सगळ्या कंपन्यांच्या नळ्या बहुतेक नेमबाजांच्या हातांहून अचूक असतात. पाहायचे ते दस्त्याचे माप: खांद्यापासून चापापर्यंतचे अंतर, गाल टेकतो ती उंची, तिन्ही स्थितींत, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने, ती किती लवकर बदलता येते. डोळा न ताणता माशीच्या रेषेत आपोआप यायला हवा. वजनाचा तोल पुढच्या हातावर येतो की मागे, हे उभ्या स्थितीत दहा मिनिटे धरून पाहिल्याशिवाय कळत नाही. वापरलेली रायफल घेण्यात कमीपणा नाही; .२२ ची नळी नीट ठेवली तर हजारो गोळ्या सहज टिकते, आणि खरेदीत वाचलेला पैसा काडतुसांना लागतो. खरा खर्च तिथे आहे. कुसाळेच्या शिक्षक वडिलांनी मुलाच्या सरावासाठी कर्ज काढले होते. २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात ५९७ गुणांसह जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंतही याच मध्यमवर्गीय ओढाताणीतून पुढे आली. दोघांच्याही हातात होती ती एकाच कामाची, एका काडतुसाची रायफल.

म्हणून लोणंदच्या किंवा फलटण-वाईच्या ज्या तरुणाला लांबचा नेम साधायचा आहे त्याने .३१५ च्या परवान्यामागे धावू नये. दहा मीटरच्या पाटावर नाव नोंदवावे आणि पन्नास मीटरचे ध्येय ठेवावे. आणि ज्यांच्या हातात गावाचा पैसा आहे त्यांना सांगणे एकच: दहा मीटरच्या एअर रायफल रेंजला माळ लागत नाही, दारूगोळा लागत नाही. शाळेची एक लांब खोली, मागे गोळी अडवणारी भिंत, चांगला उजेड आणि एक प्रशिक्षक एवढ्यावर ती उभी राहते. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या एवढ्या मोठ्या बाजारगावात ती असायला हवी. नगरपंचायतीने आणि इथल्या शिक्षणसंस्थांनी ती मनावर घ्यावी.